तान्ह्या बाळाची कांति

घरांत तान्हें बाळ आलें, कीं सर्वांत आधीं परीक्षा होते ती त्याच्या अंगकांतीची. नाक कोणाचें, जावळ किती, हे प्रश्न मागाहून येतात. प्रथम दुपट्याची घडी उलगडून आजीपासून शेजारणीपर्यंत सर्वजणी त्याचें अंग न्याहाळतात. न्याहाळतां न्याहाळतां एखादा तांबडा ठिपका, पांढरा दाणा किंवा निळसर डाग दृष्टीस पडला, कीं सबंध घराचा जीव टांगणीस लागतो. प्रत्येकीपाशीं एक औषध असतें, आणि तें लावून पाहण्याची प्रत्येकीस घाई असते.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरहि नव्हे. आमचा सारा जन्म शाळेंत संस्कृत आणि मराठी शिकविण्यांत गेला. मग या विषयावर लेखणी उचलण्याचा आमचा अधिकार कोणता, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें, कीं हा अधिकार ज्ञानाचा नसून चुकीचा आहे. गेल्या आषाढांत आमच्याच घरीं आम्ही अशी एक चूक केली, कीं तिची आठवण झाली म्हणजे अजूनहि मन शरमिंदें होतें. जेथें हात लावूं नये तेथें आम्ही हात लावावयास निघालों होतों, आणि जेथें धांवावयास पाहिजे होतें तेथें स्वस्थ बसून कौतुक करीत होतों. ही चूक आमच्या एकट्याची नाहीं, पुष्कळ सुशिक्षित घरांतून ती होते, असें पुढें डॉक्टरांशीं बोलतांना कळलें. म्हणून हा लेखप्रपंच.

आमचें घर महाडहून पोलादपुराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लहान गांवांत आहे. थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. तिचें सासर पोलादपुरास. आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यांत रुग्णालयांत ती सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला, वजनहि चांगलें भरलें, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं मायलेंकरें घरीं आलीं. त्याच दिवशीं बाळाच्या छातीवर व पाठीवर तांबडे चट्टे उठलेले दिसले. कांहीं चट्ट्यांच्या मधोमध मोहरीपेक्षां लहान असा पिंवळट पांढरा फोड होता. सकाळीं पाठीवर दिसलेले चट्टे दुपारीं पुसट होत, आणि नवे पोटावर उठत.

मग काय विचारतां! शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "उष्णता आहे, निंबाच्या पाल्याच्या पाण्यानें न्हाऊ घाला." दुसऱ्या एका बाईंनीं बिब्ब्याचें नांव काढलें. आमच्या कुटुंबानें मुलीच्या ताटांतील निम्मे पदार्थ पथ्याच्या नांवाखालीं काढून टाकले. आणि आम्ही? आम्ही छत्री घेऊन महाडच्या बाजारांत गेलों आणि "लहान मुलाच्या पुरळावर कांहीं तरी द्या" असें सांगून दुकानांतून एक मलमाची नळी घेऊन आलों. बाळास न पाहतां दिलेलें औषध बाळास लावावयाचें, यांत कांहीं विपरीत आहे असें त्या वेळीं आम्हांस वाटलेंहि नाहीं.

सुदैवानें त्याच संध्याकाळीं पोलादपुराहून विहीणबाई नातवास पाहावयास आल्या. त्यांनीं हातपाय धुतले, बाळास मांडीवर घेतलें, चष्मा पुसून त्याचें अंग नीट पाहिलें आणि विचारलें, "बाळ अंगावर पितें ना? ताप नाहीं ना?" आम्ही सांगितलें, "पितें, आणि तापहि नाहीं." तशा त्या म्हणाल्या, "मग अण्णा, तें मलम कपाटांत ठेवा. असा पुरळ माझ्या दोन मुलांना आला होता. कांहीं लावूं नका, आपोआप जाईल." नळी कपाटांत गेली. चार दिवसांत पुरळ मावळला.

पुढें डॉक्टरांना विचारलें तेव्हां त्यांनीं विहीणबाईंच्या निदानावर शिक्कामोर्तब केलें. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बालकांपैकीं सुमारें निम्म्यांना पहिल्या दोन-तीन दिवसांत हा पुरळ येतो. तो हातापायांच्या तळव्यांवर सहसा उठत नाहीं, जागा बदलतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत मागमूस न ठेवतां निघून जातो. कार्ल लाइनर या डॉक्टरानें १९१२ सालीं त्याला 'एरिथेमा टॉक्सिकम', म्हणजे विषारी लाली, असें नांव दिलें. नांव भयंकर, पण त्यांत विष सांपडलेलें नाहीं आणि हा पुरळ कां येतो याचें पक्कें कारणहि शास्त्रास अद्याप उमगलेलें नाहीं. त्यावर औषध एकच : कांहीं न लावणें.

हें 'कांहीं न लावणें' आपणांस इतकें अवघड कां वाटावें? आमच्या मतें, नवजात त्वचा म्हणजे काय हें आपण समजून घेत नाहीं म्हणून. नऊ महिने पाण्यांत वाढलेला जीव एकाएकीं हवेंत येतो. त्याच्या त्वचेचा वरचा थर अद्याप कोंवळा असतो, घामाच्या नळ्या पुरत्या मोकळ्या झालेल्या नसतात, आणि वजनाच्या मानानें त्याच्या कातडीचें क्षेत्र मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट असतें. म्हणून त्या कातडीस लावलेली वस्तु केवळ कातडीवर राहत नाहीं. ती रक्तांत उतरूं शकते.

जन्मतः बाळाच्या अंगावर जो पांढरा, लोण्यासारखा लेप असतो त्याला आपल्या वैद्यकग्रंथांत 'उल्ब' म्हटलें आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानाच्या आरंभींच वाग्भटानें सैंधव आणि तूप यांनीं हें उल्ब काढावें असें सांगितलें आहे. आजचें शास्त्र नेमकें उलट सांगतें. उल्ब त्वचेचा ओलावा राखतें व जंतूंना अटकाव करतें. म्हणून तें खरवडून काढूं नये, बाळाचें अंग केवळ मऊ फडक्यानें टिपावें, आणि पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. उघड्या, ओल्या अंगानें बाळ गारठतें, आणि गारठणें हें नवजाताच्या जिवावरचें संकट आहे. वाग्भटाविषयीं आमचा आदर यामुळें उणा होत नाहीं. शेंकडों वर्षांपूर्वीं त्यानें जें पाहिलें तें लिहिलें. आज अधिक दिसतें म्हणून अधिक मानावें, हें त्याच्याच परंपरेस धरून आहे.

याच न्यायानें आणखी कांहीं निरुपद्रवी खुणा ओळखून ठेवाव्यात. नाकावर व गालांवर खसखशीसारखे पांढरे दाणे दिसतात. ते त्वचेंत अडकलेल्या द्रव्याचे असून कांहीं आठवड्यांत जातात. ते नखानें फोडूं नयेत. दिवस भरून उशीरा जन्मलेल्या बाळाची कातडी हातापायांवर सोलवटते. तीहि ओढूं नये. डोक्यावर पिंवळट, तेलकट खपल्या धरतात. त्यांवर थोडें तेल लावून, त्या मऊ झाल्यावर हलक्या हातानें पुसाव्यात. खरवडल्यास जखम होऊन तींत जंतु शिरतात. पापण्यांवर व मानेच्या मागें गुलाबी डाग असतात, ते बाळ रडतांना गडद होतात. पापण्यांवरचे डाग वर्षा-दोन वर्षांत बहुधा पुसले जातात. मानेवरचा राहिला तरी केंसांखालीं झांकतो. पण कांहीं आठवड्यांनीं उठून भराभर वाढणारें तांबडेंलाल, फुगीर लासें डोळ्याजवळ किंवा ओठावर असेल, तर तें डॉक्टरांस अवश्य दाखवावें. एरवीं तींहि कांहीं वर्षांत बहुधा ओसरतात.

आपल्या मुलांच्या ढुंगणावर व कमरेवर निळे-काळे डाग पुष्कळदां असतात. कोणी म्हणतें सुइणीनें आपटलें, कोणी म्हणतें ग्रहणांत आईचा हात लागला. खरें असें, कीं त्वचेला रंग देणाऱ्या पेशी वरच्या थराकडे जातां जातां कांहीं खोलवरच राहतात. त्यांचा काळा रंग वरच्या त्वचेंतून आपणांस निळा दिसतो. आकाश निळें दिसण्यामागें प्रकाशाच्या विखुरण्याचें जें तत्त्व आहे, तेंच येथेंहि आहे. तोक्योमध्यें अध्यापन करणाऱ्या एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरानें १८८५ सालीं या डागांचें वर्णन केलें. आशियांतील व आफ्रिकेंतील वंशांत ते पुष्कळ आढळतात, गोऱ्या युरोपियनांत विरळा. यामुळें परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनीं एक सावधगिरी बाळगावी : पहिल्याच तपासणींत डॉक्टरांकडून या डागांची नोंद करून घ्यावी. नाहीं तर पाळणाघरांतल्या बाईस ते माराचे वळ वाटण्याचा संभव असतो. शाळेंत जाण्याच्या वयापर्यंत ते बहुधा पुसट होतात.

आतां आमच्या भागांतल्या हवामानाचा विचार करूं. महाड-पोलादपुरास वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आणि उन्हाळा घामट. चैत्र-वैशाखांत बाळास दोन दुपट्यांत गुंडाळून वर टोपडें व खालीं शेगडी ठेवली, तर त्याच्या मानेवर व पाठीवर घामोळीं उठणारच. त्यांवर पावडरीचा थर देण्याऐवजीं एक दुपटें कमी करावें, तेवढें पुरतें. आषाढ-श्रावणांत अडचण निराळी : लंगोट वाळत नाहींत, आणि दमट लंगोट तसाच बांधला जातो. मग मांड्यांच्या सांध्यांत कातडी लालबुंद होते. हा विकार सुश्रुतानें निदानस्थानांत 'अहिपूतन' या नांवानें नोंदला आहे, आणि मलमूत्र वेळेवर न धुणें व घाम हें त्याचें कारण दिलें आहे. येथें मात्र सुश्रुताच्या म्हणण्यांत आजच्या डॉक्टरांनाहि फारसा बदल करावयास नको! लंगोट ओला होतांच बदलावा, जागा साध्या पाण्यानें धुऊन कोरडी टिपावी, दिवसांतून थोडा वेळ उघडी ठेवावी, आणि पावसाळ्यांत प्रत्येक लंगोटावरून इस्त्री फिरवावी. सांध्यांत लाली गडद होऊन भोंवतीं बारीक पुटकुळ्या पसरल्या, तर ती बुरशी समजून डॉक्टरांकडे जावें.

तेलाविषयीं आमच्या घरांत नेहमींच वाद असतो. हलक्या हातानें खोबरेल तेल लावण्यास आक्षेप नाहीं. आक्षेप आहे तो रगडण्यास, आणि डाळीच्या पिठानें अंगावरची लव घासून काढण्यास. ती लव आपोआप गळते. तेलाचें महत्त्व दाखविणारा एक प्रयोग बांगला देशांत ढाका येथील शिशु रुग्णालयांत झाला व २००५ सालीं प्रसिद्ध झाला. अकालीं जन्मलेल्या बालकांच्या अंगास सूर्यफुलाचें तेल हलकेंच लावीत गेल्यानें रुग्णालयांत होणारा जंतुसंसर्ग सुमारें ४१ टक्क्यांनीं घटला. त्वचा अभंग राहिली कीं जंतूंचें द्वार बंद राहतें, हाच त्याचा अर्थ. मोहरीचें तेल मात्र कोंवळ्या त्वचेस बोंचरें ठरतें. महाडनजीक सव येथें सावित्रीकांठीं उष्ण पाण्याचे झरे आहेत. त्वचेच्या तक्रारींवर मोठीं माणसें तेथें स्नान करतात. त्यांनीं तें खुशाल करावें, परंतु तें पाणी तान्ह्या बाळासाठीं आणूं नये.

अंगास काय लावूं नये याची यादी थोडक्यांत देतों, कारण खरा अपाय येथेंच होतो. बिब्बा सर्वांत आधीं वर्ज्य. त्याचें तेल मोठ्या माणसाच्या कातडीसहि पोळतें. सुशिक्षित घरांत आतां डाग कोण देतें, असें म्हणून चालणार नाहीं. २०२५ सालच्या फेब्रुवारींत अमरावती जिल्ह्यांतील मेळघाटांत २२ दिवसांच्या बालकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे अनेक चटके दिल्याची बातमी वाचून आम्ही हळहळलों होतों. पण बिब्ब्याचा चटका आणि लोखंडाचा चटका यांत फरक आहे तो कमीअधिकपणाचा. मूळ समजूत एकच. पावडरीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९७२ सालीं फ्रान्समध्यें बाळांच्या एका टाल्क पावडरींत हेक्झाक्लोरोफीन नांवाचें जंतुनाशक चुकून अतिप्रमाणांत मिसळलें गेलें. तें कातडीवाटे रक्तांत जाऊन ३६ बालकें दगावलीं. औषधाच्या दुकानांतून विचारल्याविना आणलेल्या मलमांत पुष्कळदां स्टेरॉइड असतें. तें पुरळ दडपतें, पण कोंवळी कातडी पातळ करतें. आमच्या कपाटांतल्या त्या नळींतहि तेंच होतें, हें आम्ही नंतर वाचलें.

आणखी एक वस्तु कोणाच्या ध्यानींमनींहि नसते. वडिलार्जित ट्रंकेंतून जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं काढण्याची चाल फार चांगली आहे. परंतु त्या ट्रंकेंत डांबराच्या गोळ्या असतात. कांहीं बालकांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नांवाच्या द्रव्याची जन्मतः उणीव असते. अशा बालकास त्या गोळ्यांच्या वासाचाहि संपर्क घातक ठरून त्याच्या रक्तपेशी फुटूं लागतात व तीव्र कावीळ होते. म्हणून अशीं वस्त्रें बाळंतपणापूर्वींच चांगलीं धुऊन कडक उन्हांत वाळवावींत, आणि गोळ्या घालूनच ठेवलेलीं बाळासाठीं घेऊंच नयेत.

कावीळ हा शब्द आला, तेव्हां आतां आमच्या मुख्य अपराधाकडे वळतों.

तांबड्या पुरळाच्या गडबडींत दोन दिवस गेले. पांचवीची पूजा झाली. बाळंतिणीची खोली माजघराच्या मागची, आधींच काळोखी. त्यांत पश्चिमेच्या खिडकीस पावसाच्या झडीसाठीं प्लास्टिकचा कागद बांधलेला, आणि वर पिंवळ्या उजेडाचा एक दिवा. बाराव्या दिवसापर्यंत बाळास खोलीबाहेर काढावयाचें नाहीं हा घरचा नेम. पुरळ जातां जातां बाळाचें अंग मोठें तेजस्वी दिसूं लागलें. पाहावयास येणाऱ्या बायका म्हणत, "काय केतकीसारखा वर्ण आहे हो!" आम्ही तर संस्कृताचे मास्तर, आम्ही त्याला 'सुवर्णकांति' म्हणूं लागलों. सहाव्या दिवशीं तें फार झोपूं लागलें. रात्रभर कोणास उठविलें नाहीं. आम्ही कौतुकानें म्हटलें, "आजोबांचा नातू शोभतो, किती गुणी!"

सातव्या दिवशीं दुपारीं गांवची आशाताई आली. आशा म्हणजे काय हें आमच्या शहरी वाचकांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघर जाऊन तपासणी व उपचार करविले. त्या गांवांतील नवजातांचे मृत्यु तुलनेनें ६२ टक्क्यांनीं घटले, असें त्यांनीं १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत सप्रमाण मांडलें. पुढें २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांकडे अशा गृहभेटींचें काम आलें. बाळ रुग्णालयांत जन्मलें असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशीं त्यांनीं घरीं येऊन त्यास पाहावयाचें असतें. आमची आशाताई तिसऱ्या दिवशींहि येऊन गेली होती. त्या वेळीं बाळ ठीक होतें.

या खेपेस तिनें खोलींत पाऊल टाकतांच म्हटलें, "मास्तर, बाळाला जरा ओटीवर घेऊं द्या. इथं कांहीं दिसत नाहीं."

आम्ही म्हणालों, "बाहेर वारा आहे, आणि अजून बारावा दिवस व्हावयाचा आहे. दिवा लावला आहे ना!"

"दिव्यांत पिंवळं दिसत नाहीं, मास्तर. दिवसाचाच उजेड पाहिजे." एवढें बोलून ती आमच्या होकाराची वाट पाहत उभी राहिली. आमच्या मुलीनेंच बाळ उचलून तिच्या हातांत दिलें आणि म्हणाली, "अण्णा, पाहूं द्या त्यांना."

ओटीवर, पावसाळी पण खऱ्या उजेडांत, तिनें बाळाच्या कपाळावर बोट दाबून सोडलें. मग छातीवर, पोटावर, गुडघ्यावर, आणि शेवटीं तळपायावर. दाबलेल्या जागीं रक्त क्षणभर सरतें व कातडीचा मूळ रंग दिसतो. तो रंग तळपायापर्यंत हळदीचा होता. "किती वेळां पितो? लंगोट किती वेळां ओला होतो?" तिनें विचारलें. मुलीनें हळू आवाजांत सांगितलें, "कालपासून नीट पीतच नाहीं. झोपूनच असतो." ज्यास आम्ही सुवर्णकांति म्हणत होतों ती कावीळ होती, आणि ज्यास गुणीपणा म्हणत होतों ती ग्लानि होती.

तिनें तेथूनच गाडी बोलाविली. भर पावसांत आम्ही रुग्णालयांत पोंचलों. बाळाचें वजन असावें त्याहून बरेंच उतरलें होतें. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें तें असें. पोटांत असतांना बाळास तांबड्या रक्तपेशी अधिक लागतात. जन्मानंतर त्यांतल्या पुष्कळ मोडतात व त्यांतून बिलिरुबिन नांवाचें पिंवळें द्रव्य निघतें. कोंवळ्या यकृतास तें भराभर बाहेर टाकतां येत नाहीं. म्हणून पूर्ण दिवसांच्या बालकांपैकीं सुमारें ६० टक्के बालकें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं थोडीं पिंवळीं होतात आणि दोन आठवड्यांत निवळतात. परंतु दूध पुरेसें पोटांत गेलें नाहीं, तर शौचावाटे तें द्रव्य जात नाहीं, उलट रक्तांत परततें. पिंवळेपणा चेहऱ्यापासून सुरू होऊन खालीं उतरत जातो. तळव्यांपर्यंत पोंचला म्हणजे फार वाढला समजावें. एका मर्यादेपलीकडे तें द्रव्य मेंदूंत शिरतें, आणि मग बहिरेपणा किंवा हातापायांचें कायमचें वैगुण्य येऊं शकतें.

यावर उपाय काय? निळा प्रकाश! बाळाचे डोळे झांकून त्यास निळ्या दिव्यांखालीं ठेवतात. त्या प्रकाशानें कातडींतील बिलिरुबिनाची रचना बदलून तें लघवी व पित्तावाटे निघून जाऊं शकतें. या शोधाची कथा मोठी हृद्य आहे. १९५६ च्या सुमारास इंग्लंडांत एसेक्स परगण्यांतील रॉचफर्डच्या रुग्णालयांत वॉर्ड नांवाच्या परिचारिका अकालीं जन्मलेल्या बालकांना उन्हांत नेत असत. एका बालकाच्या अंगावरचा पिंवळेपणा उन्हाच्या जागीं फिका पडून झांकलेल्या जागीं तसाच राहिलेला त्यांनीं पाहिला व डॉक्टरांस दाखविला. त्यावरून क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कृत्रिम प्रकाशाचें यंत्र केलें आणि १९५८ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. एका परिचारिकेनें बाळ उजेडांत पाहिलें, म्हणून जगांतलीं असंख्य बालकें वांचलीं. आमच्या ओटीवर त्याचीच पुनरावृत्ति झाली, असें आम्हांस वाटतें.

यावरून कोणी कोंवळ्या उन्हावर विसंबूं नये. उन्हांतील निळ्या किरणांचें माप ठेवतां येत नाहीं, बाळ पोळतें किंवा गारठतें, आणि खरा उपचार लांबतो. शिवाय आमच्याकडे आषाढांत आठ-आठ दिवस ऊन पडतच नाहीं!

दोन दिवस दोन रात्री बाळ त्या निळ्या उजेडांत होतें. मुलगी दर दोन तासांनीं त्यास पाजीत होती. विहीणबाई रुग्णालयाच्या बाकावर बसून होत्या, एकदां एवढेंच म्हणाल्या, "अण्णा, पुरळ मला ओळखूं आला, हें मात्र नाहीं आलं." तिसऱ्या दिवशीं डॉक्टर म्हणाले, "आतां घरीं न्या. आणखी एक-दोन दिवस उशीर झाला असतां, तर मला असें सांगतां आलें नसतें." तीन महिन्यांनीं बाळाचे कान तपासून घेतले. ऐकूं येतें. त्या दिवशीं आम्हांस प्रथमच स्वस्थ झोंप लागली.

आतां वाचक भगिनींनीं व त्यांच्या घरच्या पुरुषांनीं पुढील खुणा ध्यानांत ठेवाव्यात. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत अंग पिंवळें होणें. तळहात व तळपाय पिंवळे होणें. पिंवळेपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकणें. शौचाचा रंग पांढरट व लघवी गडद पिंवळी होणें, कारण तो पित्तमार्गाचा दोष असूं शकतो व त्याची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आंत व्हावी लागते. अंगावर पुवाचे दहा किंवा अधिक फोड, अथवा एक मोठें गळूं. पाण्यानें भरलेले फोड. बेंबीभोंवतीं लाली किंवा पू. अंग निळें किंवा पांढरें फटक पडणें, तापणें किंवा गार लागणें. आणि यांपैकीं कांहीं दिसो न दिसो, बाळ पिणें सोडून निपचित पडलें, तर क्षणाचाहि विलंब नको. येथें मलम नाहीं, पाला नाहीं, वडीलधाऱ्यांची सभा नाहीं, रुग्णालय गांठावें. रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक आहे, आणि २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजाताचा उपचार व वाहतूक सरकारी रुग्णालयांत विनामूल्य आहे.

आमच्या महाड-पोलादपुरकरांना तर 'उद्यां पाहूं' म्हणण्याची चैन परवडणारीच नाहीं. २०२१ सालच्या २२ जुलैस महाडांत सावित्रीचें पाणी शिरलें, पोलादपूर तालुक्यांत दरडी कोसळल्या, आणि रस्ते बंद झाले. पावसाळ्यांत आज मोकळा असलेला रस्ता उद्यां मोकळा असेलच असें नाहीं. म्हणून शंका आली त्याच दिवशीं निघावें.

हल्लीं आमच्याकडे एक नवा नेम झाला आहे. नव्यानें आलेल्या बाळास रोज सकाळीं खिडकीपाशीं, दिवसाच्या उजेडांत, एकदां डोक्यापासून तळपायापर्यंत उघडें करून पाहावयाचें. गार वारा लागूं नये म्हणून खिडकी लावून घ्यावी. पण पडदा सारावा. एवढ्यास बारावा दिवस आड येत नाहीं. बाकी त्याच्या अंगास जितकें कमी लावाल तितकें बरें. नातू आतां रांगतो आहे. त्याचा रंग त्याच्या आजोबांसारखा सांवळा निघाला, आणि त्या रंगाकडे पाहून आम्हांस अतिशय समाधान वाटतें.